तलावाकाठचे प्लॅस्टिकचे गवत आणि आपली काळी माती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातारा-कास रस्ता, वाई-पाचगणीचा परिसर, तिकडे कराडपासून मिरजेपर्यंतचा कृष्णाकाठ, या साऱ्या पट्ट्यात फार्महाऊस, कृषी पर्यटन केंद्रे आणि बंगल्यांच्या मागच्या अंगणात लहान पोहण्याचे तलाव झाले आहेत. त्यातल्या बहुतेकांच्या काठावर आता कृत्रिम हिरवळ, म्हणजे बोलीभाषेतले ‘टर्फ’, दिसते. मालक ती का निवडतात हे समजण्यासारखे आहे. काठाला खरी हरळी लावली की ओल्या पायांनी चिखल पाण्यात जातो, कापलेले गवत गाळणीत अडकते, आणि गवताला घातलेले खत पावसाबरोबर तलावात उतरले की पाणी हिरवे होते. ग्लेझ केलेल्या फरशीवर पाय घसरतो. या दोन्हींवर टर्फ हे खरोखर चालणारे उत्तर आहे, पण नीट बसवले तरच. आपल्याकडे ते सतरंजीसारखे अंथरले जाते, म्हणून दोन-तीन पावसाळ्यांत उचलून टाकावे लागते. जवळपास प्रत्येक बिघाडाचे मूळ ऊन आणि पाणी या दोन गोष्टींत सापडते. परदेशी व्हिडिओ बघून आपल्या काळ्या मातीवर तोच पाया घालणे ही यातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी उन्हाचे. कृत्रिम गवत १९६६ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममुळे प्रसिद्धीस आले. ते मैदान छताखालचे होते. प्लॅस्टिकच्या पात्यांवर थेट ऊन पडल्यावर काय होते, हा प्रश्न उघड्यावर आल्यावर पुढे आला. खऱ्या गवताची पाती पाणी बाहेर टाकून स्वतःला थंड ठेवतात. प्लॅस्टिककडे ती सोय नाही. युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ साली मैदानावरच्या टर्फचे तापमान मोजले गेले. ७९ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या टर्फवर पाणी मारल्यावर ते २९ अंशांवर आले, पण ५ मिनिटांत ४९ आणि २० मिनिटांत ७३ अंशांवर परत गेले. ‘तापले तर पाणी मारा’ असा सल्ला विक्रेते देतात, त्याची खरी किंमत या आकड्यांत आहे. माण, खटाव, आटपाडी, जतकडे उन्हाळ्यात टँकर चालू असताना दर पाच-दहा मिनिटांनी अंगण भिजवणे परवडणारे नाही आणि योग्यही नाही.

दुसरा मुद्दा सावलीचा, आणि तो खास आपल्या अक्षांशाचा आहे. सातारा सुमारे १७.७ अंश उत्तरेला आणि सांगली १६.९ अंशांच्या आसपास. त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. त्या दिवसांत बंगल्याची भिंत, कुंपण, बाजूचे उंच झाड यांची सावली ऐन दुपारी तलावाच्या काठावर पडतच नाही. जानेवारीत जागा पाहून ‘इथे सावली असते’ असे म्हणणाऱ्या माणसाचा अंदाज मे महिन्यात पूर्ण चुकतो. सावली हवी असेल तर ती वरूनच हवी. साडेनऊ-दहा फुटांवर ताणलेली ७५ टक्क्यांची शेडनेट किंवा कापडी छत, आणि तेही सुटे करता येणारे, कारण वळवाच्या वाऱ्यात पक्के बांधलेले कापड खांबांसकट उखडते.

सावलीची सोय नसेल तर टर्फ कुठे घालायचे याचाच पुन्हा विचार करावा. तलावातून बाहेर आलेला माणूस अनवाणी ज्या वाटेने शॉवरकडे, कपडे बदलण्याच्या खोलीकडे आणि खुर्चीकडे जातो, ती वाट फिक्या रंगाच्या, खरबरीत दगडाची ठेवावी आणि टर्फ तिच्या बाहेर घ्यावे. फिका वालुकाश्म यासाठी चांगला. काळा ग्रॅनाइट किंवा काळा पाषाण नको, तो स्वतःच तव्यासारखा तापतो. टर्फची एक जमेची बाजू इथे सांगायला हवी. त्यात उष्णता साठून राहत नाही. ऊन उतरले की ते लवकर निवते, तर जाड दगड रात्री आठपर्यंत गरम लागतो. म्हणून सकाळी दहापूर्वी आणि संध्याकाळी साडेपाचनंतर वापरल्या जाणाऱ्या तलावाला टर्फ फारसे त्रासाचे नाही. दिवसभर पाहुणे आणि लहान मुले असलेल्या ठिकाणी मात्र आहे. मुलांना सोडण्याआधी तळहाताची मागची बाजू पाच सेकंद टर्फवर टेकवून पाहावी. टेकवत नसेल तर त्यावर कोवळे पाय जाऊ देऊ नयेत.

आता पाणी आणि जमीन. इथे थोडे थांबतो, कारण पैसे बुडतात ते इथेच.

परदेशी पद्धत सरळ असते: माती काढा, जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे) कापड अंथरा, खडीचा पाझरणारा पाया घाला, वर टर्फ. पाणी छिद्रांतून खाली, खडीतून आणखी खाली, जमिनीत गेले की काम झाले. महाबळेश्वर-पाचगणीच्या जांभ्यावर, किंवा माण-खटावच्या मुरमाड जमिनीवर ही पद्धत चालते. कराड, वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यातल्या खोल काळ्या मातीवर ती चालत नाही. काळी चिकण उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. पाझरणाऱ्या पायातून उतरलेले पाणी तलावाच्या आरसीसी भिंतीलगतच मुरते, माती तिथे फुगते, भिंतीवर दाब येतो, कोपिंगचा, म्हणजे तलावाच्या कडेवरचा, दगड उचलला जातो. उन्हाळ्यात तीच माती आक्रसते आणि वरचे टर्फ घडी पडल्यासारखे खचते. पावसाळ्यात साफसफाईसाठी तलाव रिकामा केला तर खालच्या पाण्याच्या दाबाने टाकी वर उचलली जाण्याचा किंवा तळाला तडा जाण्याचा धोका असतो. त्यासाठी तळाशी हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह, म्हणजे खालच्या पाण्याला आत वाट देऊन दाब उतरवणारी झडप, असावा आणि पावसाळ्यात तलाव रिकामा करूच नये. टर्फवाला आणि तलाव बांधणारा ही दोन वेगळी माणसे असतात, आणि एकाच्या कामाने दुसऱ्याचे काम बिघडते हे मालकाला कोणीच सांगत नाही.

म्हणून काळ्या मातीवर पाया न पाझरणारा हवा. काळी माती निदान दीड फूट, किंवा मुरूम लागेपर्यंत काढावी. त्या जागी चांगला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, दाबून भरावा. त्यावर तीन ते चार इंचांचे पीसीसी, म्हणजे सळया नसलेले साधे काँक्रीट, घालून त्याला तलावापासून बाहेरच्या बाजूला ढाळ द्यावा, पाच फुटांत पाऊण इंच. पीसीसी आणि कोपिंग यांच्यामध्ये अर्ध्या इंचाचा सांधा मोकळा ठेवून तो पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने भरावा. अंगण आणि तलाव एकमेकांना घट्ट जोडले तर अंगण हलताना कोपिंग घेऊन जाते. पीसीसीवर २० मिमी उंचीचे प्लॅस्टिकचे ड्रेनेज सेल बसवून त्यावर टर्फ येते. सेलमुळे टर्फखाली पाणी वाहायला जागा राहते. नुसत्या काँक्रीटवर थेट टर्फ चिकटवले की त्याची छिद्रे गोंदाने आणि काँक्रीटने बंद होतात, पाणी खाली साचून कुजका वास येतो आणि डासांची पैदास होते.

मुरमाड किंवा जांभ्याच्या जमिनीवर पाझरणारा पाया घालताना कोपिंगच्या वरच्या पातळीपासून साडेपाच इंच खोदावे. जिओटेक्स्टाईल अंथरून खडीचे दोन-दोन इंचांचे दोन थर, पाऊण इंची आणि अर्धा इंची मिसळून, प्रत्येक थर वेगळा दाबून घालावा. वर पाऊण इंच सहा मिमीचे ग्रीट, म्हणजे बारीक खडी. ग्रीटऐवजी क्रशरचा कच घालायची आपल्याकडे सवय आहे, कारण तो पाणी मारल्यावर कडक बसतो आणि हाताखाली सुबक दिसतो. पण काळ्या दगडाचा बारीक कच बसला की पाणी जाऊ देत नाही, आणि वर छिद्रांचे कितीही महागडे टर्फ घातले तरी ते ओलेच राहते. दाबणी सत्तर-शंभर किलोच्या प्लेट कॉम्पॅक्टरने करावी. दुरमूस कोपऱ्यांत आणि पाइपांच्या जवळ वापरावे. दाबून झालेल्या पायावरून बुटाने चालल्यावर टाचेचा ठसा उमटू नये, ही सोपी कसोटी आहे. तयार पायाची पातळी कोपिंगच्या वरच्या कडेपासून पाऊण इंच खाली असावी. पीसीसी आणि सेलच्या पद्धतीत पीसीसी दीड इंच खाली राहील. मग २५ ते ३० मिमी उंचीची पाती कोपिंगच्या किंचित वर येतात आणि वापराने दबून समपातळीत बसतात. पाया उंच राहिला तर पायाची बोटे टर्फच्या कडेला अडकतात.

तलावालगतच्या भरावाबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे. आरसीसी टाकी उभी झाली की भोवतीच्या दोन-तीन फुटांच्या पोकळीत विटांचे तुकडे, सिमेंटच्या पिशव्या, राडारोडा ढकलून वर माती टाकली जाते. पहिल्या पावसाळ्यात तो भराव बसतो आणि टर्फ नेमके कोपिंगलगत पन्हळासारखे खोल जाते, जिथे प्रत्येक जण उभा राहतो. भराव मुरमाचा, सहा ते नऊ इंचांच्या थरांत दाबून केला पाहिजे. ते झाले नसेल तर एक पावसाळा जाऊ द्यावा आणि मगच टर्फ घालावे. त्याआधी तलावाचे सगळे पाइप दाब देऊन तपासून घ्यावेत आणि स्किमर (पृष्ठभागावरचा कचरा ओढणारे तोंड), रिटर्न (गाळलेले पाणी परत सोडणारे तोंड), दिव्यांच्या वायरीचे पाइप कुठून जातात याचा मापांसह फोटो काढून ठेवावा. तो फोटो खिळे ठोकताना लागणार आहे.

बाहेर गेलेले पाणी कुठे जाणार हेही आधी ठरवावे. ५०० चौरस फूट टर्फवर एक इंच पाऊस पडला तर साधारण १,२०० लिटर पाणी होते, आणि ३०० चौरस फुटांचा तलाव काठोकाठ भरलेला असेल तर त्याच पावसाचे ७०० लिटर त्याच्या काठावरूनही बाहेर येते. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला एका दिवसात कित्येक इंच पडतो. टर्फच्या बाहेरच्या कडेला चार इंची छिद्रांचा पीव्हीसी पाइप, जिओटेक्स्टाईलमध्ये गुंडाळून, शंभरास एक ढाळाने टाकावा. डोंगरउतारावरची जागा असेल तर वरच्या बाजूने येणारे पाणी अडवायला वेगळा चर हवाच. नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात तांबडी माती टर्फवर पसरते आणि छिद्रे कायमची बुजतात. फिल्टरचे बॅकवॉशचे, म्हणजे तो उलटा धुतल्यावर निघणारे घाण, पाणी या पाइपात सोडू नये आणि विहिरीजवळच्या शोषखड्ड्यातही नको. कृष्णा-वारणेच्या पूररेषेतल्या जागांनी, जिथे २००५, २०१९ आणि २०२१ चे पाणी आले होते, टर्फ कायमचे चिकटवू नये. कडेला पट्ट्यांनी दाबलेले, गुंडाळून उचलता येणारे तुकडे ठेवावेत. पुराचा गाळ एकदा पात्यांच्या बुडाशी बसला की धुऊन निघत नाही.

माल घेताना ‘किती मिमी’ एवढेच विचारले जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे धागा कशाचा आणि पाठ कशाची. पाती पॉलिएथिलीनची घ्यावीत, ती मऊ असतात. स्वस्त मालात पाती पॉलिप्रॉपिलीनची असतात, ती पायाला टोचतात आणि लवकर आडवी पडतात. तळाशी कुरळा भुरा धागा असतो तो पॉलिप्रॉपिलीनचा असला तरी हरकत नाही. पाठीवरचा लेप लॅटेक्सचा की पॉलियुरेथेनचा हे विचारून बिलावर लिहून घ्यावे. सतत ओल असलेल्या तलावाकाठी लॅटेक्स काही वर्षांत भुसभुशीत होऊन पाती सुटतात. पॉलियुरेथेन टिकते. पाठीला साधारण चार-चार इंचांवर छिद्रे हवीत. ४० ते ५० मिमी उंचीचे टर्फ बॉक्स क्रिकेटच्या मैदानांवरून उरलेले स्वस्तात मिळते, ते तलावाकाठी घेऊ नये. उंच पाती पाणी धरून ठेवतात, जास्त तापतात, आणि त्यात भरलेले काळे रबरी दाणे उन्हात जळजळीत होतात. युरोपीय संघाने २०२३ साली सूक्ष्म प्लॅस्टिकविषयीचा नियम करून असे दाणे विकण्यावर ऑक्टोबर २०३१ पासून बंदी ठरवली आहे. जे तिकडे बंद होणार ते आपण नव्याने कृष्णेच्या उगमाकडच्या ओढ्यांत का सोडावे?

नमुन्याचा एक तुकडा घरी आणून तीन गोष्टी कराव्यात. पाठ नखाने खरवडून भुगा निघतो का पाहावे. पक्कडीने एक झुबका ओढून तो सहज निघतो का पाहावे. आणि तुकडा गच्चीवर भर उन्हात तासभर ठेवून हात लावावा. ‘थंड राहणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला उन्हात काही अंशांचा फरक पडतो. तो सावलीची जागा घेऊ शकत नाही.

आता मापे. इथे ठेकेदारही चुकतात. समजा तलाव २५ बाय १२ फूट आहे, भोवती एक फुटाचे दगडी कोपिंग आणि त्याबाहेर चारही बाजूंना पाच फूट टर्फ घ्यायचे आहे. बाहेरचे माप ३७ बाय २४, म्हणजे ८८८ चौरस फूट. त्यातून कोपिंगसह तलावाचे २७ बाय १४, म्हणजे ३७८ वजा केले की टर्फ ५१० चौरस फूट. ठेकेदार त्यात दहा टक्के वाया धरून ५६१ चौरस फूट मागवतो. रोल दोन मीटर, म्हणजे ६.५६ फूट रुंदीचा. त्या हिशेबाने साधारण ८५ फूट लांबी आली.

पण पात्यांना एक कल असतो आणि सगळे तुकडे त्याच दिशेने बसले पाहिजेत. एक तुकडा जरी फिरवला तरी उन्हात त्याचा रंग वेगळा दिसतो, जणू दुसराच माल लावला आहे. म्हणून लांब बाजूंना ३७ फुटांच्या दोन पट्ट्या, आणि आखूड बाजूंच्या मधल्या १४ फुटांसाठी त्याच दिशेने पाच-पाच फूट लांबीचे तुकडे घ्यावे लागतात. रोलच्या दोन्ही कडांच्या दोन-तीन शिवणी कापून टाकल्यावर रुंदी साधारण ६.४ फूट उरते. दोन तुकड्यांत १२.८ फूट झाले, उरलेला सव्वा फूट लांब पट्ट्यांच्या कापातून निघतो. एकूण लांबी ३७ अधिक ३७ अधिक २०, म्हणजे ९४ फूट. ८५ फूट मागवले तर शेवटी नऊ फूट कमी पडते. शिवाय रोल बहुधा २५ मीटरचा, म्हणजे ८२ फुटांचा असतो. उरलेली लांबी दुसऱ्या रोलमधून येणार. तो त्याच बॅचचा नसला तर रंगछटा जुळत नाही. म्हणून सगळा माल एकदम, एकाच बॅच क्रमांकाचा, मापाचा कागद समोर ठेवून घ्यावा.

याच उदाहरणात चार इंच खडीच्या पायाला १७० घनफूट लागते. दाबल्यावर बसते म्हणून पंचवीस टक्के जास्त धरले की २१० घनफुटांच्या वर, म्हणजे दोन ब्रासपेक्षा (ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडे जास्त. ग्रीट ४० घनफूट. तुकड्यांचे सांधे एकूण ४० फूट भरतात, तेवढीच एक फूट रुंदीची सांधापट्टी लागते. मीटरला ४०० ग्रॅमप्रमाणे दोन घटकी पीयू गोंद पाच किलो, आणि कोपिंगलगतच्या ८२ फुटांच्या कडेला पातळ पट्ट्यात आणखी पाच किलो. सिलिका वाळू गोल कणांची, धुतलेली, चौरस फुटाला अर्धा किलो, म्हणजे कोपिंगलगतची दीड फुटाची पट्टी वगळून ५० किलोच्या चार गोण्या. कोपिंगपासूनच्या पहिल्या दीड फुटात वाळू घालू नये. ती पायांबरोबर तलावात जाते आणि पंपाच्या आतल्या भागांची झीज करते.

अंथरण्याचे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावे. रोल आदल्या दिवशी उलगडून उन्हात पडू द्यावा म्हणजे गुंडाळीच्या घड्या सुटतात. सांधे मात्र सकाळी दहाच्या आत किंवा ऊन उतरल्यावर कापावेत. भरदुपारी ताणलेले टर्फ रात्री आकसते आणि सांधा उघडा पडतो. कापताना पाठीकडून, शिवणीच्या दोन ओळींमधून धारदार पात्याने कापावे आणि दोन कडांमध्ये दोन-तीन मिमी फट ठेवावी. कडा एकमेकींवर चढल्या तर उंचवटा येतो, जास्त लांब राहिल्या तर रेघ दिसते. पट्टीवर गोंद पसरून कडा दाबताना मधे पाती अडकू देऊ नयेत, त्यावर वाळूच्या गोण्या ठेवाव्यात आणि चोवीस तास कोणाचाही पाय पडू देऊ नये. खालच्या पायाच्या थरात ओल असताना किंवा आभाळ आलेले असताना गोंदाचे काम करूच नये.

बाहेरच्या कडेला सहा इंची गॅल्व्हनाइज्ड खिळे नऊ-नऊ इंचांवर लागतात. वरच्या उदाहरणात सुमारे १६५. तलावाच्या बाजूला मात्र खिळे नकोत. क्लोरीनच्या शिंतोड्यांनी ते गंजतात, गंजलेले डोके वर येते आणि अनवाणी पायात घुसते. नाइलाज असेल तर स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. पीसीसीवर अर्थातच सगळीकडे गोंद आणि कडेची पट्टी. पाइपांच्या आणि दिव्यांच्या वायरींच्या मार्गावर एकही खिळा ठोकू नये. पाण्याचा पाइप फुटला तर गळती टर्फखाली महिनोन्‌महिने कळत नाही, आणि वायरीचे गांभीर्य सांगायला नको.

काचेचा एक धोका आपल्याकडे कमी माहीत आहे. नव्या बंगल्यांना आरशासारखी चकाकणारी रिफ्लेक्टिव्ह काच लावतात. तिच्यावरून परावर्तित झालेले ऊन एका पट्ट्यावर एकवटले तर पाती मऊ होऊन वितळतात, आणि टर्फवर तिरकी करपलेली रेघ उमटते. मालकाला वाटते माल खराब निघाला. टर्फ बदलून उपयोग नाही, पुढच्या वर्षी तीच रेघ परत येते. काचेला बाहेरून जाळी किंवा पडदा लावावा. फुलबाज्या, शेकोटी, बार्बेक्यूची शेगडी यांची जागा टर्फपासून दूर ठेवावी.

देखभाल थोडी आहे, पण आहे. तलावाच्या पाण्यातल्या लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम क्लोरीनने टर्फला काही होत नाही. क्लोरीनच्या गोळ्या, ब्लीचिंग पावडर किंवा ॲसिडचा कॅन टर्फवर ठेवला तर मात्र डाग पडतो. पहिले काही आठवडे सुटे धागे स्किमरच्या जाळीत येतील, ती रोज काढावी. बोअरच्या जड पाण्याने पात्यांवर पांढरा थर बसतो, त्यासाठी शक्य असेल तेव्हा पावसाच्या साठवलेल्या पाण्याने धुवावे. सावलीच्या कोपऱ्यात श्रावणात शेवाळ धरते. कडक ब्रशने पात्यांच्या कलाविरुद्ध घासले की निघते, आणि पाती उभीही राहतात.

आठ-दहा वर्षांनी, किंवा खराब माल असेल तर त्याच्या बरेच आधी, हे टर्फ उचलावे लागते. वेगवेगळी प्लॅस्टिके आणि वाळू एकत्र चिकटलेली असल्याने भंगारवाला घेत नाही, आणि मग ते ओढ्याच्या काठावर टाकले जाते किंवा पेटवले जाते. पेटवणे तर कोणत्याही परिस्थितीत नको. जुन्या टर्फमधली वाळू झटकून, तुकडे करून, गोठ्याबाहेरच्या वाटेवर किंवा गच्चीवर झिजेपर्यंत वापरता येतात.

आपल्या वृत्तपत्राद्वारे दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. विक्रेत्यांनी बिलावर ‘आर्टिफिशियल ग्रास, ३० मिमी’ एवढेच न लिहिता धाग्याचा प्रकार, पाठीचा लेप, छिद्रांचे अंतर आणि बॅच क्रमांक लिहावा. आणि सार्वजनिक जलतरण तलावांच्या निविदा काढणाऱ्या नगरपालिका-महापालिकांनी टर्फची बाब ‘चौरस फूट पुरवणे व बसवणे’ अशा एका ओळीत न टाकता मातीचा प्रकार, पाया, ढाळ, पाणी कुठे सोडणार आणि वरची सावली हे मोजमापासह वेगळे लिहावे. खडी-मुरमाचे काम तपासून, एक बादली पाणी ओतून ते किती वेळात निचरते हे पाहिल्याशिवाय टर्फ अंथरायला परवानगी देऊ नये. वर टर्फ आल्यावर खाली काय आहे, हे कोणालाच दिसत नाही.

आपला,
तलाव-बांधकामाच्या कामाशी संबंधित एक वाचक,
सातारा